पिशवीची चेन बंदच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानात कुत्रं किंवा मांजर आपल्याजवळ, केबिनमध्ये नेण्याची सोय देशांतर्गत प्रवासात आता बऱ्यापैकी रुळली आहे. एअर इंडिया ही परवानगी पूर्वीपासून देते. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सुरू केली. तेव्हा पिंजऱ्यासकट ७ किलोंची मर्यादा होती, पुढे ती १० किलो झाली. इंडिगो मात्र अपंग प्रवाशांच्या मदतीला असलेल्या प्रशिक्षित कुत्र्यांखेरीज कुठलाही प्राणी केबिनमध्ये घेत नाही, आणि देशातले निम्म्याहून अधिक विमानप्रवासी इंडिगोनेच जातात. म्हणजे ही सोय अजून मोजक्या कंपन्यांच्या मर्जीवर आहे. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

माझी लेक बंगळुरूला असते. तिच्याकडे महिना-दोन महिने राहायला जाताना मांजर मागे ठेवणार कुणाकडे? रेल्वेने न्यायचं तर प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातला अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. विमानाचा तासा-दीड तासाचा प्रवास जनावराला त्यामानाने कितीतरी सुखाचा.

पण तो स्वस्त नाही. डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रेबीजच्या लसीची नोंद, पुढच्या आसनाखाली बसेल अशा मापाची जाळीची मऊ पिशवी, आत अंथरायचे शोषक पॅड, अंगावरचा पट्टा. एवढं झाल्यावर कंपनीची फी. तिकीट स्वस्तात मिळालं असेल तर मांजराचे पैसे माझ्या तिकिटाहून जास्त होतात. ते द्यायला माझी ना नाही. तक्रार आहे ती फी आणि नियम आधी कळत नाहीत याची. तिकीट काढताना पडद्यावर प्राण्याचा आकडा दिसत नाही. आधी तिकीट काढा, मग फोन करा, मग ईमेलची वाट बघा. एकदा तर काउंटरवरच्या मुलीने माझं प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि सरकारी दवाखान्याचाच शिक्का हवा म्हणाली. फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या वरिष्ठांनी येऊन माझं प्रमाणपत्र मान्य केलं, पण तोवर बोर्डिंगची वेळ होत आली होती. अमेरिकेत मोठ्या कंपन्या एका बाजूच्या प्रवासाला साधारण १०० ते १५० डॉलर घेतात आणि तो दर संकेतस्थळावर आधीच लिहिलेला असतो. तिकीट काढण्यापूर्वी माणूस हिशेब करू शकतो. आपल्याकडे एवढं तरी का होऊ नये?

आता आम्हा पाळणाऱ्यांविषयी. ही फी भरून आपण विकत काय घेतो? पुढच्या आसनाखालची पिशवीपुरती जागा. शेजारचं आसन नव्हे आणि शेजाऱ्याची मांडीही नव्हे. मागच्या खेपेला माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण जोडपं शित्झू घेऊन बसलं होतं. सीट-बेल्टचा दिवा विझताच चेन उघडली आणि कुत्रं मांडीवर आलं. खिडकीशी बसलेल्या आजींनी पदर गुंडाळून घेतला आणि त्या भिंतीला चिकटल्या. हवाईसुंदरीने येऊन सांगितलं, कुत्रं आत गेलं. ती मागे वळताच पुन्हा बाहेर. "पैसे मोजलेत आम्ही," असं त्या मुलाने तिला मोठ्याने ऐकवलं. कुत्रं गोड होतं, शांत होतं, पण त्या आजी उतरेपर्यंत अंग चोरून बसल्या होत्या. पैसे त्यांनीही मोजले होते.

ज्यांना मांजराची ॲलर्जी असते त्यांचं तर याहून अवघड. त्रास नुसत्या केसांचा नसतो; मांजराच्या लाळेत आणि कातडीत असलेलं प्रथिन कोंड्याबरोबर हवेत मिसळतं. विमानातली फिरती हवा बारीक गाळणीतून जाते हे खरं, पण हातभर अंतरावरचा कोंडा गाळणीपर्यंत जाण्याआधी शेजाऱ्याच्या नाकात जातो. चेन बंद असली की निदान त्यातला बराचसा भाग आत राहतो.

अशा वागण्याने सवलत कशी जाते ते अमेरिकेत दिसलं आहे. तिथे 'मानसिक आधाराचे प्राणी' केबिनमध्ये फुकट नेता येत. डॉक्टरांची चिठ्ठी पुरे. मग लोक काय वाटेल ते आणू लागले. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाने चक्क मोर आणला होता आणि विमान कंपनीने तो नाकारला. प्रशिक्षित कुत्र्यावर विसंबून असलेल्या अंध प्रवाशांकडेही लोक संशयाने पाहू लागले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या परिवहन खात्याने नियम बदलला आणि पुढच्या महिन्यापासून कंपन्यांनी ही सवलत बंद करून टाकली. ज्यांना तिची खरी गरज होती, त्यांचीही गेली.

जे पहिल्यांदाच प्राणी घेऊन निघणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रे यंत्रातून जाते आणि प्राणी हातात घेऊन आपल्याला चौकटीतून जावं लागतं. ट्रे आदळतात, यंत्र किंचाळतं, माणसं ढकलतात. अशा वेळी मांजर खांद्यावर नखं रोवतं आणि उडी मारायला बघतं. अंगावर पट्टा आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली हवीच. बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती करायला लाजू नका. निघण्याआधी चार-पाच तास पोटभर खायला घालू नका, पाणी थोडं थोडं द्या. झोपेचं औषध आपल्या मनाने कधीही देऊ नका, उंचीवर त्याने श्वासाला आणि हृदयाला धोका होतो. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा बसक्या नाकाच्या प्राण्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊच नये.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला माझी विनंती आहे, की प्राण्यांची फी, वजन आणि लागणारी कागदपत्रं तिकीट काढतानाच पडद्यावर दाखवणं सर्व कंपन्यांना बंधनकारक करावं. वारंवार सांगूनही पिशवी उघडणाऱ्याला दंड करावा. आणि आरक्षणाच्या अर्जात ॲलर्जीचा एक रकाना ठेवावा. शेजारी ॲलर्जी असलेला प्रवासी निघाला, तर जागा सोडायला आम्हाला सांगा, त्याला नको. मी माझी पिशवी उचलून शेवटच्या रांगेत जायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे