जुन्या बाजारातल्या नाणेवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यावर त्यांचा नाण्यांचा डबा घेऊन मी पुण्याच्या जुन्या बाजारात तुमच्याकडे आले, ती किंमत विचारायला. तुम्ही किंमत सांगितली नाहीत. रविवारची गर्दी, गिऱ्हाईकं खोळंबलेली, तरी भिंग माझ्या हातात देऊन म्हणालात, "आधी एवढंच बघायचं, नाण्यातला हा दोष टांकसाळीत झालाय की बाहेर?" त्याबद्दल हे जाहीर आभार.

कडेचा कोरीएवढा तुकडा नसलेला तो रुपया आठवतो? तुम्ही तुटकी बाजू सोडून तिच्या बरोबर समोरची कड बघायला लावलीत. पत्र्यातून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला, की चकती अपुरी निघते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून समोरची कडही बसकी राहते. घरी कानस मारलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते. बाबांच्या रुपयाची बसकी होती. तो खरा निघाला, तेव्हा माझ्याइतकाच आनंद तुम्हाला झाला होता.

दोन रुपयांचं नाणं मात्र खोटं ठरलं. एका बाजूला सिंहमुद्रा, दुसऱ्या बाजूला तीच उलटी आणि खोलगट. बाबांनी ते लाखी, म्हणजे टांकसाळीतच उलटा ठसा उठलेलं नाणं, म्हणून जपलेलं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर असा उलटा ठसा उठतो, हे तुम्ही सांगितलंत. आणि मग भिंगाखाली त्या खोलगट सिंहांच्या मागे भारताच्या नकाशाची उठावदार रेघ दाखवलीत. खऱ्या लाखीवर नकाशा उमटलाच नसता. कुणीतरी दोन नाणी शिकंज्यात दाबली होती. बाबांचं नाव न घेता, त्यांना कमी न लेखता तुम्ही हे सांगितलंत, हे मी विसरणार नाही.

सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून 'एरर', म्हणजे टांकसाळीची चूक, सांगून नाणी विकतात, त्याचीही तुम्ही वासलात लावलीत. मुंबईची पत्त्यांवरच्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कोलकात्याची खूणच नसते. साच्याला तडा गेला तर नाण्यावरची रेघ उंच येते आणि ओरखडा खोल जातो, हे तर आता माझी लेकही बोट फिरवून सांगते.

डबा विकलेला नाही. येत्या रविवारी त्यातलं २०११ चं दहाचं नाणं घेऊन येते. आतली पांढरी चकती एका अंगाला सरकून पिवळ्या कड्यावर चढली आहे. सोनाराच्या काट्यावर वजन ७.७१ ग्रॅम, म्हणजे बरोबर भरलं. ठसा दोन्ही धातूंवरून सलग गेलाय, म्हणजे चकती ठशाआधीच सरकली, असं मला दिसतंय. तुम्ही एकदा बघाल का?

तुमची,
डबेवाली मुलगी