मुलाखत घ्यायला शिकवा, व्याख्या पाठ करायला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मास कम्युनिकेशनच्या एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला गुणात्मक संशोधनाचं (आकड्यांपेक्षा लोकांचं बोलणं, अनुभव समजून घेणाऱ्या संशोधनाचं) एक युनिट आहे, त्यात फोकस ग्रुप (निवडक लोकांची गटचर्चा) म्हणजे काय, ग्राउंडेड थिअरी, म्हणजे जमवलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करायची पद्धत, कुणी मांडली (ग्लेसर आणि स्ट्रॉस, १९६७, हे झोपेतही सांगेन) एवढं सगळं पाठ करून पेपर दिला आणि मार्क पण बरे पडले, पण प्रत्यक्ष एक मुलाखत कशी घ्यायची ते दोन वर्षांत कुणी करून दाखवलं नाही.

डेझर्टेशनसाठी, म्हणजे प्रबंधासाठी, गावातल्या बायकांशी बोलायला गेले, विषय होता आरोग्याचे व्हॉट्सॲप मेसेज. पहिल्याच बाईंना विचारलं, "मेसेज उपयोगी वाटतात ना?" झालं, सगळ्याजणी "हो हो, चांगलेयत की". प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं मी! नंतर एका मावशींबरोबर शेंगा सोलत बसले, फारसं काही विचारलंच नाही, तेव्हा कळलं की फोन दिवसभर पोराकडे असतो, मेसेज त्यांच्यापर्यंत येतच नाही.

दुसरी अडचण भाषेची. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला माझे सहा तास गेले, मग कोडिंग, म्हणजे प्रत्येक वाक्याला त्याच्या आशयाचं लेबल लावायचं, आणि ते सगळं इंग्रजीत. मावशी म्हणाल्या होत्या "दवाखान्यात जायचं जिवावर येतं", तर गाइडनी त्याला कोड सुचवला आळस! अहो, त्यात एसटीचं भाडं आहे, बुडालेली मजुरी आहे, तिथल्या माणसाचं खेकसणं आहे. मूळ मराठी वाक्यावरच कोडिंग करू दिलं तर काय बिघडतं?

आणि लोकांमध्ये बसून त्यांचं बोलणं ऐकणं, नोंदवणं हे आपल्याकडे नवीन पण नाही. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे, आणि त्या बैठकांत निरीक्षक बसून नोंदी ठेवायचे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं. आमच्या नोट्समध्ये अमेरिकेतलं सगळं आहे, हे मात्र एका ओळीत उरकलंय.

विद्यापीठांना विनंती एवढीच, की लेखी पेपरातले वीस मार्क कमी करा आणि त्या जागी प्रत्येकाकडून एक मुलाखत, तिचं ट्रान्सक्रिप्ट (शब्दन् शब्द उतरवलेला मजकूर) आणि आपलं काय चुकलं याचं एक पान घ्या. माझ्या ज्युनिअर्सना सरावाला हवी असतील तर माझी ट्रान्सक्रिप्ट्स नावगाव काढून द्यायला तयार आहे, बायकांना विचारलंय. दोघी नको म्हणाल्या, त्यांची सोडून.

– एक विद्यार्थिनी, सातारा