पावसाळ्यात गाइडना काम द्या

ताडोब्यात मोहर्लीच्या गेटमधून जिप्सी आत शिरली की पर्यटकांचे डोळे वाघ शोधू लागतात. गाइडचे कान मात्र चितळाच्या कॉलकडे, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरच्या इशाऱ्याच्या ओरडण्याकडे, असतात. धुळीतला माग पाहून वाघ की वाघीण, ताजा की रात्रीचा, हे तो सांगतो. आसपासच्या गावांतलीच ही मुले, आणि आता मुलीही! १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, पर्यटकांसाठी बंद असते. बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, फेऱ्या सगळ्या गाइडना पुरत नाहीत. शेताच्या कडेचे तारेचे फास आणि कुंपणात सोडलेली वीज शोधायला याच माहीतगार माणसांची गरज आहे. वनविभागाने ते काम त्यांना रोजंदारीवर द्यावे. आणि वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडणे पर्यटकांनी थांबवावे.

– एक वन्यजीवप्रेमी, चंद्रपूर