सॉ आणि राउटर एकाच टेबलात, पण आधी स्टार्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात घोडबंदर रोडला असो की नवी मुंबईत खारघर-उलव्याला, नव्या फ्लॅटचे इंटीरियर चालू असले की एक टेबल हमखास दिसते: दोन घोड्यांवर प्लाय, त्याला खालून उलटा बोल्ट केलेला चार इंची मार्बल कटर आणि उघडे पाते. तेच पाहून आता हौशी मंडळी गच्चीत, रो-हाउसच्या गॅरेजमध्ये सॉ (विजेवरची करवत) आणि राउटर (बिट, म्हणजे फिरते कापणारे टोक, लावून लाकडाला खाचा आणि कडांना आकार देणारे यंत्र) एकाच टेबलात बसवू लागली आहेत. कल्पना चांगली आहे. जागा वाचते, फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचे ती सरळ आडपट्टी, एकच पुरते. पण सगळा पैसा आणि उत्साह टेबलाच्या पृष्ठभागावर खर्च होतो आणि स्विच 'नंतर बघू' म्हणून राहून जातो. या पत्राचा हेतू हा क्रम बदलावा एवढाच आहे.

मार्बल कटर फरशीसाठी आहे. त्याचे ११० मिमीचे पाते मिनिटाला १३ हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे दातांचा वेग ताशी २७० किलोमीटर. वर १२ मिमी प्लाय वजा जाता कापाची खोली जेमतेम २० मिमी उरते. घरच्या टेबलाला सात इंची सर्क्युलर सॉच घ्यावा. १८४ मिमीचे पाते, सुमारे ५००० फेरे, ६६ मिमी खोली. तो १० मिमी हायलम शीटवर (कडक, दाबून बनवलेला प्लॅस्टिकसारखा पत्रा) बसवला तर ५६ मिमी हाती राहते. सॉ उलटा लावताना त्याचे नाक, म्हणजे हातात धरल्यावर पुढे असते ती बाजू, काम करणाऱ्याकडे यायला हवे. तरच समोरचे दात वरून खाली येऊन फळी टेबलावर दाबून ठेवतात.

आता स्विच. सर्क्युलर सॉला ट्रिगर दाबून ठेवणारे लॉक सहसा नसते आणि ते मुद्दाम दिलेले नसते. टेबलाखाली हात पोहोचत नाही म्हणून लोक ट्रिगरला केबल टाय आवळतात आणि भिंतीवरचा साधा स्विच वापरतात. अर्ध्या कापात वीज जाते. पाते फळीतच थांबते. माणूस वैतागून फळी सोडवायला हात घालतो, आणि त्याच क्षणी वीज येते.

यावरचा उपाय कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: पाण्याच्या पंपाला लावतात तो सिंगल फेज डीओएल स्टार्टर. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत पुढे करंट जात नाही. कपॅसिटरवाला सबमर्सिबल पॅनेल घेऊ नये, साधा स्टार्टर घ्यावा आणि त्याचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मशीन बंद करणारा भाग) मशीनच्या अँपिअरप्रमाणे इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्यावा. लाल बटण मोठे, छत्रीच्या आकाराचे असावे आणि मांडीने दाबता येईल अशा उंचीवर टेबलाच्या पुढच्या कडेला असावे, कारण गडबडीत दोन्ही हात लाकडावर असतात. स्टार्टरच्या पुढे १-०-२ असा रोटरी चेंजओव्हर स्विच जोडावा: १ वर सॉ, २ वर राउटर. दोन्ही एकाच वेळी चालूच होऊ शकत नाहीत. भुसा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर स्टार्टर आणि चेंजओव्हर यांच्या मध्ये जोडला, तर हिरव्या बटणाबरोबर तोही सुरू होतो. १४०० वॅटचा सॉ आणि १२०० वॅटचा व्हॅक्यूम मिळून ११ ते १२ अँपिअर होतात. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट, सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा क्षणिक जास्त करंट सहन करणारा), २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) हवी.

दुसरी अत्यावश्यक वस्तू रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी. उभा काप, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने काप, घेताना लाकडातला ताण सुटतो, चीर मागून मिटते, पात्याचे मागचे वर येणारे दात फळी उचलतात आणि ती सरळ पोटाच्या दिशेने फेकतात. पट्टी चीर मिटू देत नाही. पात्यावर २.४/१.६ असे छापलेले असते. पहिला आकडा दातांची रुंदी, दुसरा पात्याची जाडी. पट्टी या दोहोंच्या मधली हवी, म्हणून इथे २ मिमी, म्हणजे १४ गेज. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेता येते. दातांपासून ३ ते ८ मिमी अंतर ठेवावे. पट्टी टेबलालाच पक्की असेल तर ती फक्त आरपार कापाला चालते, खाच काढताना काढावी लागते. सॉ उलटा केला की त्याचे स्वतःचे गार्ड बांधूनच ठेवावे लागते, म्हणून याच पट्टीवर पॉलिकार्बोनेटचे गार्ड बसवावे. अॅक्रिलिक नको, ते फुटून उडते.

एकत्र टेबलाची खास चूक फेन्समध्ये आहे. पाते फेन्सच्या डावीकडे, राउटर उजवीकडे, आणि राउटरसाठी फेन्सची उजवी बाजू वापरायची, अशी रचना बहुतेक जण करतात. सॉपाशी उभे राहून लाकूड नेहमीप्रमाणे पुढे ढकलले, की राउटरचा बिट ते हातातून खेचून नेतो. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे फेन्सच्या उजव्या अंगाला लाकूड टेबलाच्या मागच्या कडेकडून सॉपाशी उभ्या माणसाकडे यायला हवे. सोपा नियम: राउटर वापरताना टेबलाच्या उजव्या टोकाला जाऊन फेन्सकडे तोंड करून उभे राहावे. मग लाकूड आपल्या उजवीकडून डावीकडे जाते. टेबलावर मार्करने बाण काढून ठेवावा. फेन्स आणि बिट यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीही घालू नये. राउटर चालवताना पाते टेबलाखाली उतरवावे, सॉ चालवताना बिट काढून ठेवावा.

टेबलासाठी १८ मिमी प्लायची एकच ८ बाय ४ शीट पुरते. १२०० बाय ८०० मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ३६ मिमी जाडी मिळते. प्लाय आयएस ७१० (मरीन ग्रेड) चाच घ्यावा. खाडीकाठच्या हवेत एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा साधा प्लाय) फुगतो. सनमायका दोन्ही बाजूंना लावावा. फक्त वरून लावला तर जुलैत टेबल होडीसारखे वाकते आणि सगळी मापे बिघडतात. चौकटीला ४० बाय ४० बाय २ मिमीचा चौकोनी पाइप, सहा मीटरच्या दोन लांब्या. उंची ८५० ते ९०० मिमी.

सॉच्या प्लेटला एम६ बोल्टसाठी ८ मिमीची भोके पाडावीत, म्हणजे सॉ थोडा सरकवता येतो. पात्याच्या एका दातावर खूण करून तो पुढे असताना मायटर स्लॉटपासूनचे (पात्याला समांतर असलेली टेबलातली खाच) अंतर घ्यावे, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा घ्यावे. दात बदलला तर पात्याचा वाक मोजला जातो, सॉचा तिरपेपणा नाही. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण तेवढाच जाड असतो, मोजायला तोच पुरतो. फेन्सचे मागचे टोक पात्यापासून एक कागदभर लांब असलेले चालते, जवळ अजिबात नको. तिथे फळी अडकली की रायव्हिंग नाइफलाही मर्यादा आहेत.

राउटरच्या बाबतीत ६ मिमी आणि ६.३५ मिमी हे दोन शँक (बिटचे दांडे) बाजारात सर्रास एकत्र विकले जातात. ६.३५ च्या कोलेटमध्ये (दांडा पकडणारी चिमटी) ६ चा बिट आवळल्यासारखा वाटतो आणि चालू असताना वर सरकतो. व्हर्नियरने मोजूनच घ्यावा. बिट तळापर्यंत घालून २-३ मिमी वर ओढावा आणि मग आवळावा. ५० मिमीच्या पुढचे बिट १२ हजार फेऱ्यांपेक्षा कमी वेगाने चालवावेत. म्हणून वेग बदलता न येणारा ट्रिमर, म्हणजे एका हाताने धरायचा छोटा राउटर, यासाठी नको.

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, त्यामुळे व्हॅक्यूम असला तरी एन९५ मास्क लागतोच. सोसायटीत आवाजाचेही भान हवे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सॉ तिच्या कितीतरी पुढे जातो. दुपारी, दार बंद करून, पायांखाली रबरी पॅड घालून काम करावे.

हत्यारांच्या दुकानदारांना एक विनंती आहे. काही सॉबरोबर रायव्हिंग नाइफ येतो, पण 'हा काढूनच टाकतात' असे सांगून तो काउंटरवरच बाजूला केला जातो. तो ग्राहकाच्या पिशवीत घालावा, आणि कोणी मार्बल कटरसाठी लाकडाचे पाते मागितले तर ते टेबलाला उलटे लावण्यासाठी आहे का, एवढे विचारावे.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे