बैठकांच्या पलीकडे

प्रिय संदीप,

रोज पाचशे बैठका मारूनही कबड्डीत घोटापकडीतून पाय सुटत नाही आणि मांडीमागचा स्नायू पुन्हा धरला, हे वाचून जीव हळहळला. दोन्हींचं मूळ बहुधा एकच. पाचशे बैठका निघतात म्हणजे तेवढा भार पायांच्या अंगवळणी पडला. त्यातून दमसास वाढतो. ताकदीसाठी वजन वाढवावं लागतं, आकडा नव्हे.

आठवड्यातून दोनच दिवस दे, मध्ये किमान ४८ तास सोडून. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, म्हणजे वजनी बैठका, ५ चे ३ सेट, म्हणजे पाच-पाच बैठका तीनदा. पाचवा झाल्यावर आणखी दोन निघाले असते, इतकंच वजन लाव. दोन सेटमध्ये ३ मिनिटं बस. आपली पोरं इथेच चुकतात. घाम आला नाही की घाई करतात, मग पुढच्या सेटला पाय दमलेले असतात आणि वजन वाढतच नाही. तिन्ही सेट नीट निघाले तर पुढच्या वेळी अडीच किलो चढव. टाचा उचलल्या किंवा गुडघे आत वळले तर उतरव.

त्याहून मोलाचा नॉर्डिक, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम. मांडी पूर्ण बरी झाल्यावरच, फिजिओला विचारून. जाड गादीवर गुडघे टेकायचे, मागून सोबत्यानं घोटे दाबून धरायचे. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितक्या सावकाश पुढे झुकायचं. आवरेना झालं की हातांवर पडायचं आणि हातांनीच रेटा देऊन वर यायचं. कमरेत वाकलास की मांडीवरचा भार हलका होतो, सगळी मेहनत वाया. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे २ सेट. त्यानंतर दोन दिवस मांड्या ठणकतील, घाबरू नकोस. १० आठवड्यांत ८-१० चे ३ सेट गाठ.

बोनस गुणासाठी पाय लांबवतोस किंवा मध्यरेषेकडे सुसाट पळतोस, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच पायाला आवरत असतो. बहुतेकदा तो तिथेच फाटतो. नॉर्डिक नेमकी हीच ताकद देतो. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत त्यामुळे या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

वजनगटातून बाहेर जाशील ही भीती सोड. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. अंगावर मांस फारसं चढत नाही.

स्पर्धा लागल्या की बंद करू नकोस. आठवड्यातून एक दिवस, वजन तेच, सेट दोन. फक्त सामन्याआधीचे दोन दिवस मोकळे ठेव. आणि मांडी आता कुठे दुखते, वर की गुडघ्याजवळ, ते लगेच कळव.

तुझा,
विनायक