आणखी एक वर्ष

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईने मोठ्याने वाचावं. बाबांच्या हाती दिलं तर ते मधला मजकूर गाळून थेट शेवटावर जातील आणि दादाला फोन लावतील. दादाला मी सांगून ठेवलंय, तो काही बोलणार नाही.

माझी तब्येत ठीक आहे. इथल्या भारतीय दुकानात उकडे तांदूळ मिळतात, त्यामुळे पेज सुटलेली नाही. तू दिलेली सोलं बरणीत अजून शिल्लक आहेत. केस गळायचे थांबले. तेलाची बाटली पोचली होती, झाकण घट्ट होतं, कपड्यांना काही झालं नाही.

आता मुद्द्याचं. पीएचडी समाजशास्त्रातच आहे आणि पदवीही त्याच विषयाची मिळणार. तिला मी एक स्पेशलायझेशन जोडून घेतलंय, कम्प्युटेशनल सोशल सायन्स. समाजाचा अभ्यास संगणकाच्या मदतीने करायचा, असं समजा. अर्ज भरला, गाइडनी सही केली, विभागाकडून मंजुरीही आली. यात काही जादा कोर्स येतात: प्रोग्रामिंग, संख्याशास्त्र, माणसामाणसांतल्या संबंधांची जाळी कशी मोजायची ते. शिवाय प्रबंधातलं एक प्रकरण याच पद्धतीने लिहावं लागतं. त्यापायी प्रबंध एक वर्ष लांबणार. म्हणजे येत्या चवथीला मी कायमची घरी आलेली नसेन.

आई, इथे थांबू नकोस, पुढे वाच. डिसेंबरात मी येतेच आहे, काल्याच्या नाटकाला पुढच्या रांगेत बसायला. तिकीट काढलंय.

बाबा, पैशांचा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. फी माफ आहे, स्टायपेंड चालू राहतो. पदवीच्या मुलांचे संख्याशास्त्राचे तास मी मदतनीस म्हणून घ्यायचे, त्याचाच तो मोबदला. व्हिसासाठी आय-ट्वेंटीची, म्हणजे विद्यापीठ देतं त्या कागदाची, मुदत वाढवून घ्यावी लागते, तेही काम झालं. कर्ज काढलेलं नाही, दादाकडे मागितलेलं नाही, आणि आईच्या पाटल्यांचा विषय कृपा करून परत काढू नका.

‘समाजशास्त्र घेतलंस तेव्हा संगणक नको होता, आता कुठून आला?’ हे तुम्ही म्हणणारच. माझा विषय तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात तो काही कमी गाजलेला नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आजोबांच्या फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७० मतं पडली आणि वेगळ्या गोव्याच्या दोन पानांना १,७२,१९१. हे आकडे कुणालाही सापडतात. पण त्याआधी आणि त्यानंतर, अगदी ४ फेब्रुवारी १९८७ ला कोकणीला राजभाषा करणारा कायदा मंजूर होईपर्यंत, साधी माणसं वर्तमानपत्रांना काय लिहून पाठवत होती? भीती कशाची होती? नोकरीची, शाळेची, की घरातल्या देवाच्या आरतीची? वाचकांची पत्रं मी हाताने वाचत बसले तर पन्नाशी गाठेन, आणि हजारातली शंभर वाचून निष्कर्ष काढला तर तुम्हीच विचाराल, हीच शंभर का निवडलीस?

संगणक ती सगळी चाळतो. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात आणि कोणत्या वर्षी नोकऱ्यांची चर्चा शाळांच्या चर्चेला मागे टाकते, हे दाखवतो. मात्र त्याचं ऐकून गप्प बसायचं नसतं. जुन्या छपाईत शिरोरेखा तुटलेली असते, तिथे तो ‘घ’चा ‘ध’ करतो. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे एकाच पत्रात दोन्ही आल्या की त्याचा गोंधळ उडतो. ज्या मराठी-कोकणी वादावरून काका आणि आजोबा एका पंगतीला बसेनासे झाले, ते त्याला धड ओळखूही येत नाही! आणि टोमणा तर मुळीच कळत नाही. ‘वा, काय थोर विचार!’ असं कुणी लिहिलं की हा त्याला कौतुकात जमा करतो. म्हणून आधी माणसाने काही पत्रं वाचून खुणा करायच्या, त्यावरून यंत्राला शिकवायचं आणि त्याने न पाहिलेल्या पत्रांवर त्याची परीक्षा घ्यायची.

आई, तू फोनवर विचारलं होतंस की माणसांचं संगणकाला काय कळणार. थॉमस शेलिंग नावाचे एक अर्थतज्ज्ञ होते, पुढे २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी संगणकाशिवाय, चौकटींच्या पटावर नाणी मांडून पाहिलं होतं. नाणी दोन प्रकारची. प्रत्येकाची मागणी छोटीशी: शेजारी थोडे तरी आपल्यासारखे असावेत, सगळे नकोत. ज्याची मागणी पुरी होत नाही त्याला हलवायचं. असं हलवत गेलं की कुणाच्याच मनात नसताना पट दोन वेगळ्या वाड्यांत विभागला जातो. १९७१ च्या लेखात त्यांनी हे सविस्तर मांडलं. आपल्या गावाबद्दल तू जे ‘कुणी भांडलं नाही, तरी तुटलंच’ म्हणतेस, ते मला पहिल्यांदा तिथे समजलं. याला कोरडं शास्त्र कसं म्हणू?

नोकरीचंही त्यात आहे, लपवत नाही. नुसत्या समाजशास्त्रावर जागा मोजक्याच असतात. ही जोड असली तर गोव्यात किंवा जवळपास परतायच्या वाटा वाढतात. परतायचंच आहे, बाबा. एक वर्ष पुढे ढकललंय, रद्द केलेलं नाही.

लहानपणी मतमोजणीच्या दिवशी तुम्ही रेडिओ लावून पडवीत बसायचे. मला कालनिर्णयाच्या पानामागे रकाने आखायला लावायचे. तुम्ही आकडा सांगायचा, मी लिहायचा, आणि आई आतून ओरडायची की पोरीला जेवू तरी दे. भात निवायचा, मग तू कालवून भरवायचीस आणि मी तोंडात घास घेऊन बेरीज करायची. इथे रात्री प्रोग्राम चालत असताना काही खायला घेतलं की मला अजून वाटतं, कुणीतरी ओरडणार.

आता नीट ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्यायची, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला की पूर्ण पानाचा फोटो पाठवा, गेल्या वेळी खालचा भाग कापला होता, मला कळतं. आईने मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, चवथीचं निमित्त सांगून तर अजिबात नाही. नेवऱ्या वहिनी करील, तुझ्याएवढ्या चांगल्या नाही होणार, पण होतील. नारळ पाडेलीच पाडील. पावसात स्कूटर घेऊन म्हापशाला जायचं नाही, कदंबची बस आहे. फोनवर कुणी पोलीस असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’ वगैरे बोलला तर फोन ठेवायचा, त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही. बाबा, हे तुम्हाला.

आणि एक काम. पत्र्याच्या ट्रंकेतली कात्रणं उन्हात पसरू नका, पिवळी पडतात. सावलीत, सपाट ठेवून फोटो काढा आणि पाठवा. त्यातली काही पत्रं मी तुम्हा दोघांना परत पाठवीन. टोमणा आहे की मनापासून लिहिलंय, एवढीच खूण करायची. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून, एकमेकांचं न बघता. मग दोघांच्या खुणा किती जुळतात ते मोजतात. तुमचं जुळणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी करा.

तुमची,
बाय

ता. क. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला दादा शिडी आणील. बांधून झाली की शिडी त्याच्याच गाडीतून परत पाठवा, घरात ठेवू नका. शिडी दिसली की बाबांना चढल्याशिवाय राहवत नाही.