विषय: मराठी एसएमएसचे दुप्पट बिल आणि ग्राहकांची न पोहोचणारी उत्तरे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

प्रेषक: फराळ विक्री केंद्र, दादर (पश्चिम), मुंबई 400028

महोदय / महोदया,

दिवाळीच्या ऑर्डरसाठी आपल्या पॅनलवरून (एकगठ्ठा एसएमएस पाठवायच्या वेबसाइटवरून) 1,240 मेसेज पाठवले. खात्यातून क्रेडिट (एका मेसेजला एक) गेले 2,480. फोनवर उत्तर मिळाले, "मेसेज मोठा असेल." तो मेसेज असा, शेवटचे दुकानाचे नाव सोडून:

"आपली फराळाची ऑर्डर क्र. 1042 तयार आहे. आज रात्री 9 पर्यंत दादरच्या दुकानातून न्यावी."

आपले पॅनल याची 55 अक्षरे मोजते आणि खाली "1 मेसेज" दाखवते. नेटवर्क मात्र 84 मोजते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे धरले जाते. "रात्री" डोळ्यांना दोन अक्षरे, पण मोजणीत सहा: र, काना, त, हलन्त, र, वेलांटी. युनिकोड मेसेजची मर्यादा 70 आहे, आणि ती ओलांडली की मेसेजचे भाग पडतात आणि ते जोडण्याच्या माहितीला जागा जाऊन प्रत्येक भागात 67 च उरतात. विक्रीच्या वेळी सांगितलेले 160 हे रोमन लिपीचे. मराठी दुकानदाराला मराठी मेसेजचा पॅक विकताना तोच आकडा सांगणे याला चूक म्हणावे की आणखी काही, ते आपणच ठरवा.

"ऑर्डर 1042 तयार आहे. रात्री 9 पर्यंत न्यावी." एवढ्यात काम भागते. हे 44 होतात आणि दुकानाच्या नावाला स्पेस धरून 26 उरतात. पॅनलने खरा आकडा दाखवला असता तर पहिल्याच दिवशी हा मजकूर मंजुरीला पाठवला असता.

दुसरी गोष्ट उत्तरांची. आपण दिलेल्या नमुन्यात "बदल असल्यास याच मेसेजला उत्तर द्या" अशी ओळ होती. सहा अक्षरी हेडरवर (पाठवणाऱ्याच्या नंबराऐवजी दिसणाऱ्या नावावर) उत्तर पाठवता येत नाही, हे आपल्याला माहीत असायला हवे होते. विचारल्यावर दहा आकडी व्हर्च्युअल नंबर वेगळे भाडे लावून दिलात. त्यावर उत्तरे येतात, पण कशी? ग्राहकाने "हवं" लिहिले की पॅनलवर 093909350902 दिसते. हा ह, व आणि अनुस्वार यांचा युनिकोड आहे. आपली यंत्रणा तो उलगडून न दाखवता तसाच छापते. शिवाय कीवर्ड (ज्यांवरून पॅनल उत्तरांची वर्गवारी करते ते शब्द) फक्त रोमन ओळखले जातात, त्यामुळे मराठीतले "नको" आणि "रद्द" ही उत्तरे "इतर" मध्ये पडून राहतात आणि लाडू-चकल्या बांधून तयार असतात.

घरपोच ऑर्डरच्या मेसेजचे वेगळेच. आपल्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे एका व्हेरिएबलमध्ये (मजकुरातील दर ग्राहकाला बदलणाऱ्या जागेत) 30 अक्षरे बसतात. "को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी" एवढ्यालाच 28 लागतात, इमारतीचे नाव अजून यायचेच असते. असे मेसेज डीएलटीच्या (व्यावसायिक एसएमएसचे हेडर आणि मजकूर जिथे नोंदवावे लागतात त्या यंत्रणेच्या) तपासणीत टेम्प्लेटशी, म्हणजे मंजूर मजकुराशी, न जुळल्याने अडतात, तरी आपल्या अहवालात ते हिरव्या रंगात "सबमिटेड" दिसतात. सबमिटेड म्हणजे आपण पुढे ढकलले, पोहोचले नव्हे. पैसे मात्र त्या ढकलण्याचेच लागतात.

आणि हे टेम्प्लेट जाहिरातीच्या वर्गात कोणी नोंदवले? ग्राहकांच्या फोनवर हेडरच्या शेवटी डॅशनंतर "पी" दिसतो, म्हणजे प्रमोशनल. ऑर्डर तयार असल्याची सूचना सेवेच्या वर्गात, "एस" खाली, यायला हवी. जाहिराती नकोत म्हणून 1909 वर नोंद केलेल्या ग्राहकांना आमची सूचनाच गेली नाही, आणि ती का गेली नाही हे आपल्या अहवालात कुठेही नाही.

तरी पुढील गोष्टी 15 दिवसांत कराव्यात. जादा कापलेले 1,240 क्रेडिट परत द्यावेत. मोजणी युनिकोडप्रमाणे दुरुस्त करावी. आलेली उत्तरे देवनागरीत दिसावीत आणि कीवर्डमध्ये "हो", "हवं", "नको", "रद्द" घालावेत. प्रत्येक नंबरापुढे डिलिव्हर्ड की रिजेक्टेड, आणि रिजेक्टेड असल्यास कारण, असा अहवाल एक्सेलमध्ये मिळावा. सूचनेचे टेम्प्लेट सेवेच्या वर्गात नव्याने नोंदवावे. ते मंजूर होईपर्यंत व्हर्च्युअल नंबरचे भाडे घेऊ नये.

डीएलटीवरील नोंदणी आमच्या दुकानाच्या नावाने आहे, पण लॉगिन आपल्या कर्मचाऱ्याकडेच राहिले आहे. ते या पत्राच्या पोचेसोबत पाठवावे. हेडर आमचा आहे. तो कोणत्या टेलिमार्केटरमार्फत (आपल्यासारख्या एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीमार्फत) वापरायचा ते 16 व्या दिवशी आम्ही ठरवू.

कळावे,
व्यवस्थापक

सोबत: पॅनलवरील मोजणीचे दोन स्क्रीनशॉट, क्रेडिट कपातीचा तक्ता, ग्राहकाच्या फोनवरील हेडरचा फोटो